अंगठ्याने बसणारा पंप

"गळाली," कारखानीस म्हणाले.

मला ते त्यांच्या आधी दिसलं होतं. जाड काचेच्या हंडीत आमच्या लोशनच्या बाटल्या टिपकागदावर आडव्या झोपवल्या होत्या, मोटर हंडीतली हवा ओढून घेत होती, आणि कडेच्या बाटलीच्या मानेखाली कागद ओला व्हायला लागला होता. मग मधल्या एकीखाली ओल दिसली. मग तिच्या शेजारणीखाली.

"पद्मा," अण्णा माझ्या कानाशी येऊन पुटपुटले, "काल तर एक थेंब नव्हता की गं!"

"काल नव्हता."

"मग आज काय झालं?"

ते मला ठाऊक असतं तर मी तिथं तोंड वासून उभी राहिले असते होय? पण अण्णांना असं उलट बोलायची सोय नव्हती. भूपाल मगदूम, म्हणजे अण्णा, आमच्या कारखान्याचे मालक. कोल्हापूरजवळ गोकुळ शिरगावला त्यांच्या वडिलांनी तेलाच्या बाटल्यांची झाकणं काढायला सुरुवात केली होती आणि अण्णाही इमानेइतबारे झाकणंच काढत होते. प्लॅस्टिकचा डिप्लोमा करून मी तिथं लागले आणि त्यांच्या डोक्यात पंपाचं खूळ घातलं. लोशनच्या बाटलीवर असतो तो, दाबला की तळहातावर थेंब टाकणारा पंप. तोसुद्धा दुसऱ्याची नक्कल करून नाही, माझ्या स्वतःच्या डिझाइनचा.

माझ्या पंपात रबरी वॉशर नव्हता. बाजारातल्या पंपांचं निम्मं दुखणं त्या वॉशरमध्ये असतं. तो उलटा बसतो, दुमडतो, नाहीतर जुळणी करणारी बाई बोलण्याच्या नादात तो घालायलाच विसरते. त्याच्याऐवजी मी पंपाच्या अंगालाच एक पातळ ओठ दिला होता. पंप बाटलीवर दाबला की तो ओठ तोंडाच्या आतून घट्ट चिकटायचा, आणि बाहेरचं कडं बाटलीच्या मानेवरच्या वरंब्यावरून खाली उतरून पंपाला धरून ठेवायचं. ना आटे, ना वॉशर. मला हे सुचलं त्या दिवशी मी जेवायची विसरले होते, आणि मी जेवण विसरणाऱ्यातली नाही.

कारखानीस पुण्याच्या एका सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीचे तपासणी प्रमुख. नीटनेटके, मृदू बोलणारे, आणि त्या मृदू बोलण्यातच माणसाला गार करणारे. त्यांचा होकार आला तर पक्का मोल्ड होणार आणि पंप आमच्याकडे बनणार. नकार आला तर ते परदेशातून तयार पंप आणणार. तयार पंप आले की आमच्या जुळणीच्या हॉलला कामच उरणार नव्हतं. झाकणं आता मशीनच जुळवत होतं, आणि अण्णांनी गणपतीतच सगळ्यांसमोर सांगून टाकलं होतं, "पंप आला तर हॉल चालंल. न्हाई आला तर मला झेपायचं न्हाई." हॉलमधल्या सगळ्या बायकांची नोकरी त्या हंडीत आडवी पडली होती.

कारखानीसांनी मोटर बंद केली. हंडीत हवा शिरल्याचा फुस्स आवाज आला.

"घाट चढताना ट्रकमध्ये हेच होणार," ते म्हणाले. "बाटलीतली हवा बाहेर यायला बघणार आणि लोशन घेऊनच येणार. मॅडम, कल्पना चांगली आहे तुमची. पण ओठ फार पातळ आहे. वॉशर टाका."

"वॉशर नाही टाकणार," मी म्हटलं.

"पद्मा!" अण्णा ओरडले.

"नाही म्हणजे, आधी बघू तर द्या कुठून गळतंय ते."

मी गळक्या बाटल्या उचलल्या आणि खिडकीशी गेले. पहिल्या बाटलीचं कडं किल्लीने उचकटून पंप वर काढला. आत बघितलं आणि बघतच राहिले. कारखानीसांनी पुण्याहून आणलेलं लोशन दुधासारखं पांढरं होतं. पण पंपाच्या ओठावरून बाहेर आलेली रेघ होती गुलाबी.

दुसरी उघडली. गुलाबी रेघ. तिसरीतही तीच.

"हे रंगीत कसं झालं?" कारखानीसांनी चष्मा वर सरकवला.

"कुंकू आहे," मी म्हटलं. त्या दिवशी खंडेनवमी होती. सकाळी हॉलमध्ये पूजा झाली होती, बायकांनी एकमेकींना हळदीकुंकू लावलं होतं, आणि त्याच हातांनी पुढं बाटल्या भरून त्यांच्यावर पंप बसवले होते. बाटलीच्या तोंडाला बोटांचं कुंकू लागलं होतं आणि गळणाऱ्या लोशनने ते बरोबर आपल्या वाटेवर ओढून नेलं होतं.

"अस्वच्छता," कारखानीस पुटपुटले.

"अहो, असू दे अस्वच्छता! बघा ना हे!" मी त्यांच्या नाकासमोर पंप धरला. "रेघ एकाच बाजूला आहे. बाकी ओठ कोरडा. ओठ पातळ असता तर गोल फिरून सगळीकडून पाझरला असता की नाही? हा फक्त इथून गळलाय. आणि हाही इथूनच. ओठ चांगला आहे, साहेब. पंप तिरका बसलाय!"

मला इतका आनंद झाला होता की गळका पंप हातात घेऊन मी हसत होते. अण्णांना वाटलं पोरीच्या डोक्यावर परिणाम झाला. मी त्यांना तिथंच सोडून हॉलकडे धावत सुटले, आणि पाठोपाठ ते दोघंही आले.

हॉलमध्ये बायका भिंतीला टेकून बसल्या होत्या. बाटल्या गळाल्याची बातमी आमच्या आधी पोचली होती. नवरात्र म्हणून सगळ्यांच्या हातांत हिरव्या बांगड्या चढल्या होत्या. पुढं हौसाक्का उभ्या. हॉल त्यांच्या ताब्यात होता, आणि त्यांचा आवाज असा की मोल्डिंगची मशीनं चालू असताना त्या कुजबुजल्या तरी गेटवर ऐकू जायचं.

"हौसाक्का, पंप कशावर बसवले?"

"कशावर म्हंजे? बाटलीवर."

"तसं नाही हो. दाबले कशाने? प्रेसने ना?"

"आज?" हौसाक्कांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी श्रावणात मटण मागितलं. त्यांनी हात कोपऱ्याकडे केला.

कोपऱ्यात आमची हँड प्रेस होती. शिरोलीच्या एका बंद पडलेल्या वर्कशॉपमधून नमुने बसवण्यासाठी मीच ती मागवून घेतली होती. दांडा ओढला की पंप सरळ खाली जाऊन बाटलीवर बसायचा. आता त्या दांड्याला झेंडूचा हार होता, अंगावर हळदीकुंकवाची बोटं उठली होती, आणि पुढं पाटावर नारळ, पानसुपारी, शेजारी टूलरूममधली सगळी हत्यारं, कानस, करवत, पट्टी, कॅलिपर, ओळीनं मांडलेली.

"देवाला बसिवलीया ती," हौसाक्का म्हणाल्या. "खंडेनवमीला हत्यार पुजायचं, चालवायचं न्हाई. उद्या दसऱ्याला उठवायचं. पंप आमी हातानं बसिवलं. ह्ये बगा." त्यांनी तळहात पुढं केला. अंगठ्याच्या मुळाशी गोल वळ उठला होता. "सगळ्याजणींच्या हाताची ही गत झालीया. आन् त्यो गळाला व्हय मेला?"

"मला सांगायचं तरी!"

"तुमी त्या हंडीपुढनं हललायसा कुटं? आन् बसलं की समदं. कुनाचा वर ऱ्हायला न्हवता."

वर राहिला नव्हता, हे खरं. पण एक बाजू खाली आणि दुसरी केसभर वर, हे डोळ्यांना कसं दिसणार?

कारखानीस हसले. सकाळपासून पहिल्यांदाच. "अहो, मग प्रश्नच मिटला. प्रेसवर बसवून द्या, मी परत तपासतो. मी काही अडून बसायला आलेलो नाही."

"काढा त्यो हार!" अण्णांनी हुकूम सोडला.

हॉलमध्ये कुणी हललं नाही. अण्णाही हुकूम सोडून जागेवरच उभे राहिले, त्यांच्याच्यानं पुढं होववेना. शेवटी हौसाक्काच प्रेसपाशी गेल्या. हात जोडले, ओठांतल्या ओठांत काहीतरी बोलल्या आणि हाराला हात घातला. त्यांचा तो एवढा मोठा आवाज अगदी खाली गेला होता. "पोटाचं हाय," त्या म्हणाल्या. "देव बगून घील."

आणि तेव्हा माझ्या तोंडातून प्रश्न निघून गेला. कसा सुचला कोण जाणे. हौसाक्कांच्या हातावरचा वळ अजून माझ्या डोळ्यांसमोर होता, त्यामुळं असेल.

"कारखानीस साहेब, पुण्याला लोशन भरल्यावर पंप कोण बसवणार?"

"आमच्या पॅकिंगच्या मुली."

"कशाने?"

"कशाने म्हणजे? हाताने. आटे असलेला पंप हातानेच फिरवतात, तुमचा..." ते थांबले. त्यांचं हसू हळूहळू मावळलं. "तुमचा हाताने बसत नाही."

"नाही बसत."

"प्रेस लागते."

"आत्ता तरी लागते."

"मॅडम, आमच्याकडे एका पाळीत किती बाटल्या भरतात, तुम्हाला कल्पना आहे? प्रत्येक टेबलावर प्रेस ठेवू मी?" त्यांनी रुमाल काढून कपाळ पुसलं. "आज इथं पास करून गेलो असतो, आणि महिन्याभरात सगळा माल दुकानांतून परत आला असता. मग मात्र हा पंप आमच्या कामाचा नाही. माफ करा, अण्णा."

अण्णांनी माझ्याकडे जे पाहिलं ते आजही आठवलं की मी मान खाली घालते. "कशाला इचारलंस गं?" एवढंच ते म्हणाले. हौसाक्कांचा हात हारावर तसाच राहिला होता. मागं कुणीतरी बाई मुसमुसायला लागली.

"हार राहू दे, हौसाक्का," मी म्हटलं. "साहेब, तुम्ही जेवून घ्या. पुरणपोळी आहे. जेवण होईपर्यंत नाही म्हणू नका."

"जेवणाने काय होणार?"

"ते मलाही माहीत नाही. पण उपाशी जाऊ नका."

ते गेले नाहीत. खुर्ची ओढून तिथंच बसले. कुतूहल असलेला माणूस होता तो, हे मला तेव्हा कळलं.

मी पंप हातात घेऊन तळहाताने बाटलीवर दाबला. एक बाजू खाली गेली. ती दाबून धरत दुसरी दाबली, तर पहिली उचलली. सगळा दोष त्या कड्याचा. सलग, गोल, ताठ. वरंब्यावरून उतरायचं तर त्याला सगळीकडून एकदम ताणावं लागत होतं, आणि हाताला ते जमत नव्हतं. मुसमुसणाऱ्या बाईने पदराने डोळे पुसले तशा तिच्या बांगड्या किणकिणल्या. घट्ट, ताज्या भरलेल्या. मनगटाजवळ ओरखडा होता.

"दुखलं का भरताना?" मी काहीच्या बाही विचारलं.

"तर वो! कासारानं हात पिळून काढला. तवा कुटं चडल्या."

बंद बांगडी चढवायला कासार लागतो. आणि माझ्या स्वतःच्या हातात तोंड असलेलं चांदीचं कडं होतं. रोज सकाळी मी ते एका हाताने, चहा पिता पिता चढवत होते!

मी किंचाळलेच असणार, कारण अण्णा दचकून उठले. "कापायचं! कडं कापायचं, अण्णा! चार ठिकाणी चिरायचं. मग प्रत्येक तुकडा आपापला फाकेल आणि आपापला बसेल. ओठाला हात लावायचाच नाही. पाणी अडवायचं काम ओठाचं, धरून ठेवायचं काम कड्याचं. मी मूर्खासारखी दोघांना एकाच जात्यात भरडत होते! करवत द्या मला, बारीक करवत!"

सगळ्यांनी पाटाकडे पाहिलं. करवत देवापुढं होती. कानस, पटाशी, ब्लेड, सगळं कुंकू लावून निजलं होतं. कारखान्यात धार असलेली एकही वस्तू पूजेबाहेर नव्हती. हौसाक्कांनी कँटीनची विळीसुद्धा आणून मांडली होती.

मी डोकं धरलं. आता परत तो हार काढायला सांगायचा?

तेवढ्यात किल्ल्यांचा आवाज झाला. कारखानीस आपल्या जुडग्याशी झटत होते. त्यांनी त्यातून काहीतरी सोडवलं आणि अगदी गंभीर चेहऱ्याने माझ्यापुढं धरलं.

"हे चालेल? हे पूजेत नाही."

नेलकटर होतं.

हौसाक्का अशा हसल्या की पंखा थांबला असता. "नखं कापायचं कुनी पुजत न्हाई! कापा, ताई!"

मी बसकण मारली. कड्याची कड पातळ होती, नेलकटर तिला कचाकच चावत होतं. एका जागी तिरपे दोन चावे घेतले की बारीक खाच पडायची. एक पंप झाला. दुसरा झाला. माझी बोटं दुखली तसा हौसाक्कांनी नेलकटर काढून घेतलं, मग त्यांच्याकडून दुसरीने. अण्णा मालक असल्याचं विसरून मांडी घालून बसले आणि खाचांतली कुसं बोटाने पुसायला लागले. कुणी कुणाशी नीट बोलत नव्हतं, सगळ्या एकदम बोलत होत्या. मला मोठ्याने गाणं म्हणावंसं वाटत होतं.

पहिली बाटली भरली. पंप वर ठेवला.

"मी नाही दाबणार," मी म्हटलं. "आणि हौसाक्काही नाहीत, त्यांच्या हातात बैलाचं बळ आहे. सगळ्यांत मऊ हात कुणाचा?"

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं आणि मग सगळ्यांच्या नजरा एकाच दिशेला गेल्या.

"सायबांचा," हौसाक्का म्हणाल्या. "कधी बादली उचलल्याली दिसत न्हाई."

कारखानीस लाजले. खरंच लाजले. त्यांनी बाही वर केली, अंगठा पंपावर ठेवला आणि दाबला.

टक्.

असा आवाज आधी कधीच आला नव्हता. प्रेसवरसुद्धा नाही. त्यांनी अंगठा उचलला, कडं चारी बाजूंनी न्याहाळलं, बाटली कानाशी नेली, जणू ती आणखी काही बोलणार होती. मग न सांगता पुढचा पंप ओढून घेतला. टक्. त्याच्या पुढचा. टक्. मग बायकांनी रांग लावली आणि हॉलभर नुसती टकटक सुरू झाली.

हंडी भरली. नवा टिपकागद अंथरला. या वेळी हंडीभोवती एवढी गर्दी झाली की कारखानीसांना वाट मागून पुढं यावं लागलं. मोटर सुरू झाली. काटा खाली सरकू लागला. मघाशी ज्या आकड्यावर पहिली बाटली गळाली तो आकडा आला, गेला. कुणीतरी माझं मनगट गच्च धरलं होतं. बघितलं तर अण्णा.

"अजून थांबू," कारखानीस म्हणाले. नेहमीची वेळ केव्हाच उलटून गेली होती. "अजून थोडं."

कागद पांढराशुभ्र, कोरडा.

त्यांनी मोटर बंद केली. हंडी उघडून एकेक बाटली उचलली, मानेखाली बोट फिरवलं, ते बोट आपल्या शर्टाला पुसलं आणि शर्ट तपासला. मग माझ्याकडे वळून त्याच मृदू आवाजात म्हणाले, "मॅडम, मोल्डमध्ये खाचा टाका. आणि हा आवाज आहे ना, तो घालवू नका. आमच्या मुलींना कळेल, बसला की नाही ते."

पुढचं मला नीट आठवत नाही. हौसाक्कांनी मला उचललं होतं एवढं आठवतं, कारण माझी चप्पल हंडीजवळ राहिली. अण्णा डोळे पुसत पुरणपोळ्या वाढत होते आणि "तूप घ्या, तूप घ्या" म्हणत होते.

निघताना कारखानीसांनी नेलकटर मागितलं. ते सापडेना. शेवटी ते पाटावर दिसलं, करवतीच्या शेजारी, वर हळदीकुंकू आणि झेंडूची पाकळी.

"आज मिळायचं न्हाई," हौसाक्का म्हणाल्या. "त्यानं काम क्येलंय. उद्या सोनं लुटायला या, तवा घिऊन जावा."

ते आले नाहीत आणि त्यांनी पुन्हा मागितलंही नाही. मोल्ड झाला, पंप पुण्याला जायला लागला, पुढं आणखी दोन कंपन्यांना. हॉलच्या मागं आता दुसरा हॉल आहे आणि हौसाक्कांची सून तो सांभाळते.

परवा एक नवा इंजिनिअर मला विचारत होता, "मॅडम, कोपऱ्यातली ती जुनी प्रेस मोडीत का काढत नाही? कधी चालताना दिसत नाही." मी त्याला तिथं घेऊन गेले. दांड्याला गेल्या वर्षीचा वाळलेला हार होता, पायथ्याशी गंजलेलं नेलकटर. त्या खंडेनवमीनंतर दसऱ्याला बायकांनी सगळी हत्यारं पूजेतून उठवली, कानस, करवत, अगदी विळीसुद्धा. प्रेसही उठवायची होती. पण तिच्याकडे परत कुणाचं कामच पडलं नाही, आणि ती आजही देवाला बसलेलीच आहे.